डायलॉगला स्क्रोल लावण्याआधी मजकूर कापा!

खडूस_टेस्टर
परवा कोणीतरी लिहिलं, ‘पॉपअपमध्ये मजकूर मावत नाही? स्क्रोलव्ह्यूत (वर-खाली सरकणाऱ्या चौकटीत) गुंडाळा, दोन ओळींचं काम.’ डोकं सणकलं. अहो, मावत नाही कारण तो तिथे असायलाच नको! डायलॉग, म्हणजे स्क्रीनवर मधेच उगवणारी ती प्रश्नाची चौकट, हे दारातून विचारलेलं ‘येऊ का?’ उंबऱ्यात उभं राहून सातबारा वाचतं का कोणी? लांबलचक अटी असतील तर सरळ वेगळं पान उघडा.

बाबांच्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं. एका बिल भरायच्या अ‍ॅपने अटींचा डायलॉग काढला. दिसणारी शेवटची ओळ नेमकी पूर्णविरामावर संपलेली, म्हणजे खाली अजून काही आहे याचा मागमूस नाही. ‘सहमत’ बटण मजकुरासोबत गडप. वीस मिनिटं फोन बंद-चालू करून शेवटी मला विचारतात, “अरे, याला हो कुठे म्हणायचं?”

कोडकिडा
यात स्क्रोलचा काय दोष? बटणांसकट सगळं स्क्रोलव्ह्यूत कोंबलं तर बटण खाली जाणारच. अँड्रॉइडच्या साध्या, तयार मिळणाऱ्या अलर्टडायलॉगला सेटमेसेज या आज्ञेतून हवा तेवढा मजकूर द्या, तो आपोआप सरकतो, बटणं जागेवर राहतात. घोळ होतो तो सेटव्ह्यू या दुसऱ्या आज्ञेने स्वतःची मांडणी घुसवली की. फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) ‘स्क्रोलेबल ट्रू’ लिहिलं की शीर्षक आणि मजकूर सरकतो, बटणं नाही. दोन कुठल्या, एकच ओळ. डॉक्युमेंटेशन न वाचता बाबांना मधे आणू नका.

खडूस_टेस्टर
बाबांपर्यंत जाऊ नका हं. त्यांनी डॉक्युमेंटेशन वाचायचं होतं का?

तिरकस_वेलांटी
दोघंही इंग्रजी मजकूर गृहीत धरून भांडताय. मी भाषांतरं करते. मराठीला वर रफार-मात्रा लागतात, खाली उकार. डिझायनर ओळीची उंची इंग्रजी अक्षरांवर बेतणार, वर कोणी शहाणा इन्क्लूडफॉन्टपॅडिंग (अक्षरांच्या वर-खाली सोडलेली जादा जागा) बंद करणार, की वेलांटीचा शेंडा उडालाच.

आणि बटणं! “ऑर्डर रद्द करायची?” खाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. सांगा, कुठलं दाबू?

खडूस_टेस्टर
‘कॅन्सल’च ठेवा ना. आमच्या आईला ‘रद्द’पेक्षा ते लवकर कळतं.

तिरकस_वेलांटी
“ऑर्डर कॅन्सल करायची?” खाली ‘कॅन्सल’ आणि ‘ओके’. सुटला प्रश्न? शब्द बदलून काय होणार! आम्हाला एक्सेलमध्ये सुटे शब्द येतात : ओके, कॅन्सल, बॅक. कुठल्या डायलॉगचे ते कोणी सांगत नाही. ‘बॅक’चं ‘पाठ’ झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. ‘हो, ऑर्डर रद्द’ आणि ‘नको, राहू दे’ असं का नाही लिहीत?

संत्रा_बर्फी
आमच्या नागपुरात ‘राहू दे ना बे’ लागेल. रुंदी पुरेल का बटणाची?

तिरकस_वेलांटी
करा थट्टा. चूक ऑर्डर गेली की शिव्या मात्र भाषांतरवाल्यांना.

कलम_पाच
‘मजकूर कापा’ म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या खुर्चीत बसावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायची आहे. यातलं काय कापू?

खडूस_टेस्टर
ती डायलॉगमध्येच कोंबा असं कुठल्या कलमात आहे? आणि संमती सोप्या, स्पष्ट भाषेत मागा हेही त्याच कायद्यात आहे. ते बरं विसरलात!

कलम_पाच
सोपं लिहिलं की वरिष्ठ परत पाठवतात. असो.

कोडकिडा
खडूसरावांच्या नादाने काल सिस्टिमचं अक्षर २०० टक्क्यांवर नेलं (अँड्रॉइड १४ पासून तेवढं जातं). आमच्याच अ‍ॅपमध्ये, काय योगायोग, शेवटची ओळ पूर्णविरामावर. स्क्रोलची पट्टी क्षणभर दिसून गुल. फेडस्क्रोलबार्स (पट्टी विरून जाण्याची सेटिंग) फॉल्स केलं, मजकुराची उंची थोडी कमी केली, आता एक ओळ अर्धी कापलेली दिसते म्हणजे माणूस बोट लावतो. घ्या, बाबा जिंकले. मजकूर मात्र एक शब्दही कमी करणार नाही. स्क्रीनशॉट टाकलाय.

खडूस_टेस्टर
उपकार झाले. हे ‘एक ओळीचं काम’ करायला रात्रीचे किती वाजले?

कोडकिडा
दीड.

तिरकस_वेलांटी
स्क्रीनशॉट पाहिला. खालच्या बटणावर ‘बंद करा’. काय बंद करू? डायलॉग, अ‍ॅप की खातं?