मदत हवी आहे: पाचवीची शाब्दिक उदाहरणं, मोठ्या संख्या आल्या की गडबड

धागाकर्ती: चौकटवही

मुलगा पाचवीत आहे, शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव चालू आहे. गणित मांडून दिलं तर बरोबर सोडवतो. तेच वाक्यात आलं की चुकतं. तीन उदाहरणं त्याच्या उत्तरांसकट देते.

१) पोल्ट्रीत १,२१,५२० अंडी आहेत. एका ट्रेमध्ये ३० अंडी मावतात. किती ट्रे लागतील? (त्याचं उत्तर: ४५, बाकी २०)

२) २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. त्यांपैकी पुरुष ५,८२,४३,०५६. पुरुष स्त्रियांपेक्षा कितीने जास्त? (त्याचं उत्तर: ५,४१,३१,२७७)

३) कारखान्याच्या गोदामात साखरेची ५० किलोची २,४३,६०८ पोती होती, १,८७,९५० विकली. किती क्विंटल साखर उरली? (त्याचं उत्तर: २७,८२,९००)

नेमकं काय करून घ्यायचं?

पाटीपेन्सिल

ताई, तिन्ही चुका वेगळ्या आहेत, एकच औषध चालणार नाही. पहिलं घेतो, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथे आहे.

१२१ मध्ये ३० चा भाग ४ वेळा, उरला १. वरून ५ उतरवला, झाले १५. भाग जात नाही. इथे भागाकारात ० लिहायचं, ते न लिहिता त्याने लगेच २ उतरवला. १५२ मध्ये भाग ५ वेळा, उरले २. शेवटचं ० उतरवून २० झाले, पुन्हा भाग जात नाही, पुन्हा ० राहिलं. म्हणजे ४०५० मधली दोन्ही शून्यं गळाली आणि ४५ उरले. बाकी २० मात्र बरोबर आली, म्हणून त्याला शंकाही आली नसणार.

नियम एकच पाठ करून घ्या: एक अंक उतरवला की भागाकारात एक अंक लिहायचाच, भाग जावो न जावो. पहिला भाग लावायच्या आधी उत्तर किती अंकी येणार हेही ठरवून घ्या. १२१ हा गट हजाराच्या घरात संपतो, म्हणजे भागाकार हजारापासून सुरू होणार. जागेवर चार रिकामी घरं पेन्सिलने आखायची. चौकटींची वही त्यासाठीच असते. घर रिकामं राहिलं की चूक लगेच दिसते.

आता शेवट. ४,०५० ट्रे पूर्ण भरले, २० अंडी उरली. 'किती ट्रे लागतील' म्हटलं तर ४,०५१, कारण त्या २० अंड्यांनाही ट्रे लागणारच. 'किती ट्रे पूर्ण भरतील' म्हटलं तर ४,०५०. 'किती अंडी उरतील' म्हटलं तर २०. भागाकार तोच, उत्तरं तीन. बहुपर्यायी परीक्षेत हे तिन्ही आकडे पर्यायांत शेजारी-शेजारी बसलेले असतात. म्हणून सोडवून झाल्यावर प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायचं, त्यातही क्रियापद.

उभी_मांडणी

दुसऱ्यात त्याची वजाबाकी अगदी बरोबर आहे. ५,४१,३१,२७७ ही स्त्रियांची संख्या. तो अर्ध्यावर थांबला. ५,८२,४३,०५६ − ५,४१,३१,२७७ = ४१,११,७७९ हे उत्तर.

तिसऱ्यातही तसंच. ५५,६५८ पोती उरली, गुणिले ५०, झाले २७,८२,९०० किलो. विचारलंय क्विंटल, म्हणून भागिले १००: २७,८२९. ५० किलोची दोन पोती म्हणजे एक क्विंटल हे आधी लक्षात आलं, तर ५५,६५८ ची निम्मी केली की झालं, पन्नासचा गुणाकार हवाच कशाला!

उपाय: प्रत्येक पायरीच्या आकड्यापुढे शब्द लिहायला लावा. 'पोती', 'किलो', 'स्त्रिया'. नुसता आकडा लिहिला की तेच उत्तर वाटतं. 'स्त्रिया' असं लिहिलं असतं तर विचारलेलं हे नव्हे, हे त्यालाच कळलं असतं.

गणितमित्र

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' की वजाबाकी, 'जास्त' की बेरीज, 'प्रत्येकी' की भागाकार असा तक्ता भिंतीवर लावा. क्लासमध्ये हेच करतात.

उभी_मांडणी

कृपया तो तक्ता लावू नका. 'यंदा परीक्षेला ३६,४८० विद्यार्थी बसले, हे गेल्या वर्षीपेक्षा ४,७२५ ने जास्त आहेत. गेल्या वर्षी किती बसले?' तक्त्याप्रमाणे मूल बेरीज करून ४१,२०५ लिहिणार. उत्तर ३१,७५५ आहे. 'जास्त' कोण आहे, यंदाचे की गेल्या वर्षीचे, एवढं तोंडी विचारा. मोठे आकडे झाकून '८ मुलं, गेल्या वर्षीपेक्षा ३ जास्त' असं करून दाखवलं तर पाचवीचं मूल क्षणात वजा करतं. क्रिया लहान आकड्यांवर ठरवायची, मग खरे आकडे घालायचे.

ताळेबंद

नऊचा ताळा शिकवा. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. पुरुष: ३३, म्हणजे ६. स्त्रिया: ३०, म्हणजे ३. दोन्ही मिळून ९. एकूण लोकसंख्येच्या अंकांची बेरीज २७, म्हणजे ९. जुळलं. फरकाचाही बघा: ६ − ३ = ३, आणि ४१,११,७७९ ची बेरीज ३०, म्हणजे ३.

पण ताळा जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. अंकांची अदलाबदल झाली (३६ चे ६३) किंवा शून्य गळलं, तर ताळा मुकाट जुळतो. ४५ आणि ४,०५० दोन्हींचा ताळा ९ च. तिथे अंदाजच कामाला येतो: १,२०,००० ला ३० ने भागलं तर ४,०००. मग ४५ कसे येतील?

आणखी एक. अंक सांगून लिहायला देता का? एकोणऐंशी ऐकून ८९, सत्तावीस ऐकून ७२ लिहिणारी मुलं भरपूर आहेत. मराठीत एकक आधी बोलतो ना. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आणलं ते यासाठीच, आणि त्यावर गदारोळ झाला तो झालाच. बारा लाख पाच हजार सात हे १२,०५,००७ असं न अडखळता लिहिता येतं का, तेवढं आधी तपासा.

धागाकर्ती: चौकटवही

खूप धन्यवाद. घरं आखण्याची युक्ती लगेच करून बघितली. नवीन उदाहरण दिलं: ४४ आसनांच्या एसटीतून ४,५१० वारकऱ्यांना न्यायचं आहे, कोणी उभं राहणार नाही, किती गाड्या लागतील? त्याने १३ लिहिलं. १२ आले आणि उरलेल्यांसाठी एक वाढवली म्हणाला. वाढवली ते बरोबर ना?

पाटीपेन्सिल

वाढवली ते बरोबर, पण १३ गाड्यांत ५७२ च माणसं बसतात. ४५ मध्ये ४४ एकदा, उरला १. १ उतरवून ११, भाग नाही, इथलं ० गेलं. मग ११० मध्ये २ वेळा, बाकी २२. १०२ गाड्या भरून २२ वारकरी राहतात, म्हणून १०३. ४५ चा गट शतकाच्या घरात संपतो, तेव्हा घरं तीन आखायला हवी होती. त्याने किती आखली होती, ते विचारा.