कोर्चनोई देश सोडून गेला, मग खेळाचं काय झालं?

प्रश्न: व्हिक्टर कोर्चनोईवर बुद्धिबळ क्लबच्या भित्तिपत्रिकेसाठी लिहायचं आहे. सोव्हिएत संघ सोडला तेव्हा तो ४५ वर्षांचा होता, तरी नंतर दोनदा जगज्जेतेपदासाठी लढला. हे जमलं कसं? पटावर मांडून दाखवता येईल असा एखादा क्षणही सुचवा.

उत्तर १: सुरुवात १९७४ पासून करा. त्या वर्षी मॉस्कोत आव्हानवीराची (म्हणजे जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ठरवणारी) अंतिम लढत त्याच्याविरुद्ध सोव्हिएत खेळाडू कार्पोव्हने ३-२ जिंकली, १९ डाव बरोबरीत सुटले. पुढे तेव्हाचा जगज्जेता फिशर खेळलाच नाही, म्हणून कार्पोव्ह न खेळता जगज्जेता झाला. कोर्चनोईने कार्पोव्हविषयीची नाराजी उघड बोलून दाखवली आणि त्याचं परदेशी खेळणं काही काळ बंद झालं. जुलै १९७६ मध्ये ॲम्स्टरडॅमला टोनी माइल्ससोबत पहिला क्रमांक वाटून घेतला आणि लगेच पोलिसांकडे आश्रय मागितला. बायको-मुलगा मात्र लेनिनग्राडमध्येच अडकले.

त्यानंतर सोव्हिएत खेळाडू, तो असेल त्या स्पर्धेत येईनासे झाले. म्हणजे सर्वांत तगडे प्रतिस्पर्धी त्याला फक्त आव्हानवीरांच्या लढतीत भेटायचे. तिथे त्याने पेट्रोस्यान, पोलुगायेव्स्की आणि स्पास्की या तिघांना ओळीने हरवलं!

उत्तर २: क्षण हवा तर बागियो (फिलिपिन्स), १९७८, कार्पोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सतरावा डाव घ्या. पांढरी कोर्चनोईची. घड्याळात वेळ उरला नव्हता आणि राजा जी१ वर, पुढे जी२ आणि एच२ ची प्यादी, पळायला घर नाही. ३९व्या चालीत त्याने हत्ती ए१ वर नेला. कार्पोव्हचा घोडा एफ३ वर, शह! प्याद्याने घोडा मारला तर कार्पोव्हचा हत्ती जी६ वरून शह देतो, राजा एच१ वर, मग दुसरा घोडा एफ२ वर मात करतो. राजा थेट एच१ वर गेला तरी तोच घोडा एफ२ वर मात. मुलांना दोन्ही वाटा मांडून दाखवा.

उत्तर ३: नियमही सांगा, नाहीतर आकडे कळत नाहीत: आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी मोजायची नाही. ५-२ ने मागे पडलेल्या कोर्चनोईने २८वा, २९वा आणि ३१वा डाव जिंकून ५-५ केलं, ३२वा हरला. १९८१ ला इटलीतल्या मेरानोत जगज्जेतेपदासाठी पुन्हा कार्पोव्हशी गाठ पडली, तिथे मात्र ६-२ असा सरळ पराभव. तेव्हा मुलगा इगोर सैनिकी भरती टाळल्याबद्दल तुरुंगात होता, हे त्या लढतीसोबत लिहायलाच हवं. १९८२ मध्ये तो सुटून बाहेर आला. सोव्हिएत खेळाडूंचा बहिष्कारही पुढच्या वर्षी संपला.

आणि स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय विजेतेपद त्याने २०११ मध्ये, ऐंशीव्या वर्षी मिळवलं, ते विसरू नका.