स्पोर्ट्स मार्केटिंग कुठे शिकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगली जिल्ह्यातली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शाळेपासून कबड्डी खेळले; गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मॅटवर परतणं शक्य नाही, पण खेळ सोडवत नाही. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि ज्या खेळाला आमच्याकडे मंडळाच्या वर्गणीवर दिवस काढावे लागायचे, त्याला प्रायोजक मिळाले, जर्सीवर जाहिराती आल्या, रात्री घरोघरी टीव्हीवर सामने लागू लागले. हे कसं घडवतात, तेच मला शिकायचंय.

पुण्यात सिम्बायोसिसचा क्रीडा व्यवस्थापनातला एमबीए पाहिलाय. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाचं नाव फार ऐकते. फिफा मास्टर हा क्रीडा व्यवस्थापनातला पदव्युत्तर अभ्यासक्रम तर इंग्लंड, इटली, स्वित्झर्लंड अशा तीन देशांत शिकवतात, पण तो खर्च ऐकूनच छातीत धडकी भरते. बाबांची द्राक्षबाग आहे, यंदा पावसाने माल गेला. बाहेर जायचं तर कर्जच काढावं लागेल.

यातलं कुणी शिकलंय का? प्रायोजक मिळवणं, प्रक्षेपण हक्क, तिकीटविक्री हे प्रत्यक्ष शिकवतात की नुसतं पुस्तकी? इंटर्नशिप संघांकडे मिळते का? आणि मुख्य म्हणजे क्रिकेट सोडून इतर खेळांत नोकरी आहे का? मला कबड्डीतच काम करायचंय.