उषा उथुप यांना सरकारी सभागृह नाकारलं, ती बंदी नव्हती का?

धागाकर्ता:
१९८०च्या दशकात पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडी सरकारचे सार्वजनिक बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी पॉप गायिका उषा उथुप यांच्या गाण्यावर 'अपसंस्कृती' (संस्कृती बिघडवणारं) असा शिक्का मारला आणि त्यांना सरकारी सभागृहं बंद झाली. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. परवा एक स्नेही म्हणाले, "ही बंदी कसली? खासगी जागेत गाता येतच होतं की." मला हे अजिबात पटलेलं नाही.

त्यांची कारकीर्द बघा. आवाज बसत नाही म्हणून शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलेली ही मुलगी. त्या काळी नायिकेला उंच, कोवळा आवाज लागायचा; यांचा खर्जातला. सिनेमातली गाणी मिळाली ती बहुतेक क्लब-डिस्को थाटाची. मद्रासच्या 'नाइन जेम्स' या नाइट क्लबपासून कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या 'ट्रिंकाज' या रेस्टॉरंटपर्यंत त्या उभ्या राहिल्या त्या रंगमंचावर. अशा गायिकेला सभागृह नाकारलं की तिच्यासोबत ड्रमवाला, गिटारवाला, ध्वनिव्यवस्थेची माणसं, सगळ्यांचीच रोजी जाते.

नांदी:
असहमत. सरकारी सभागृह लोकांच्या पैशातून चालतं. तिथल्या तारखा मोजक्या. नाटकाच्या हौशी संस्था, रवींद्रसंगीत शिकवणारे छोटे वर्ग यांना दुसरीकडचं भाडं झेपत नाही. ज्या कलेला बाजार आहे तिनं बाजारात जावं. 'अपसंस्कृती' हा शब्द वाईट होता, पण प्राधान्यक्रम ठरवायचा हक्क सरकारला आहेच.

धागाकर्ता:
प्राधान्य द्यायचं तर तारखांचा कोटा ठरवा, नियम लिहा, तो सगळ्यांना लावा. इथे वाद तारखांचा नव्हताच. गाणं चांगलं की वाईट हे मंत्री ठरवत होते.

एकताल:
थोडं वेगळं मत. त्यांचं नाव झालं त्यात गाण्याइतकाच पेहरावाचा वाटा आहे. कांजीवरम, गजरा, हातभर बांगड्या आणि कपाळावरच्या मोठ्या टिकलीत बंगाली 'क'. लोक आधी बघायला जातात, मग ऐकायला. अशा कारकिर्दीला संगीताच्या स्वातंत्र्याचं प्रतीक करणं मला जास्तीचं वाटतं.

मंद्रसप्तक:
एकताल, मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. दुसऱ्या गाण्यापर्यंत साडी विसरायला होतं. समोरच्या गर्दीला सुरात गायला लावणं हे टिकलीचं काम नव्हे! आणि साडी ही काही युक्ती नव्हती. १९६९च्या सुमारास क्लबात गाणाऱ्या बायका गाउन घालत. या मध्यमवर्गीय घरातून आलेल्या, रोजच्यासारखी साडी नेसून गेल्या. तो 'क' कोलकात्याचा. ज्या शहराचं अक्षर त्या कपाळावर मिरवतात, तिथेच त्यांना उपरं ठरवलं गेलं, हे मला फार लागतं.

रेडिओवेडा:
आपल्या बाळकृष्ण केसकरांची आठवण झाली. ते माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा हिंदी चित्रपटगीतं लावणाऱ्या श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळवला. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला चित्रपटगीतं ऐकवणारी विविध भारती सुरू करावी लागली. सरकारनं रुची घडवायला घेतली की श्रोता उठून जातो.

नांदी:
हे उदाहरण माझ्या विरोधात जातं, मान्य. पण त्याच केसकरांच्या काळात, त्याच १९५२ साली, शनिवारी रात्री रागदारी ऐकवणारा आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. किती घरांना पहिल्यांदा मैफल ऐकायला मिळाली! कुणीतरी झुकतं माप दिल्याशिवाय ते झालं नसतं.

धागाकर्ता:
झुकतं माप जरूर द्या. शनिवारची रात्र रागदारीला द्या, मी स्वतः रेडिओला कान लावून बसेन. पण त्यासाठी दुसऱ्याचं गाणं बंद करायची गरज नव्हती.

एकताल:
त्यांना २०११ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं. म्हणजे शेवटी न्याय झालाच ना?

धागाकर्ता:
सन्मानाचा आनंद आहेच. पण तो त्यांना मिळाला. दार बंद होतं त्या दिवसांत ज्या वादकांची बिदागी बुडाली, त्यांना काय मिळालं?