लिस्बन एका दिवसात 'उरकलं' म्हणे!

खडूस_काकू (धागाकर्ती)

कालपासून एकच पोस्ट वेगवेगळ्या ग्रुपांतून फिरत फिरत माझ्याकडे येतेय. "लिस्बनला एक दिवस पुरतो." आठ वाजता बेलें, म्हणजे नदीकाठचा भाग: मठ, मनोरा, दर्यावर्दींचं स्मारक. अकराला पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची गोड वाटी. बाराला २८ नंबरची ट्राम. दीडला बाकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा. मग किल्ला, आल्फामा, सांता जुश्ताची लिफ्ट, सूर्यास्त, रात्री फादो, म्हणजे तिथलं दर्दभरं गाणं. आणि वर हे, की "बाकी बघण्यासारखं काही नाही, वाचलेला दिवस बार्सिलोनाला द्या."

अहो, हा दिवस आहे की हजेरीपत्रक? जेरोनिमुस मठ आठला उघडतच नाही. आणि उघडतो तेव्हा रांग आधीच कोपऱ्यापर्यंत गेलेली असते. २८ची ट्राम मार्तीं मोनीजला पकडायची तर उन्हाळ्यात तासभर उभं राहायचं, आणि आत शिरल्यावर आठ वाजताच्या ठाणे लोकलसारखी समोरच्याची काख बघायची. लिस्बन काय दिसणार त्यातून! खिसेकापूंना मात्र तुम्ही नीट दिसता.

फादोचं तर विचारूच नका. जेवण उशिरा, गाणं त्याहून उशिरा. गाणं लागलं की दिवे मंद करतात, वेटरसुद्धा ताट हातात घेऊन थांबतो, कुणी चकार शब्द काढत नाही. दिवसभर पळून आलेला माणूस तिथे काय करणार? माझ्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ घोरत होते. मराठीच होते.

दिवस एकच असेल तर वस्ती एकच धरा. मोउरारियात एका चढावरच्या गल्लीत तास्का, म्हणजे छोटी खानावळ होती, टेबलावर कागद अंथरलेला, आजचं जेवण काय ते दारावर हाताने लिहिलेलं. बाकाल्याव आ ब्राश मागवलं. खारवून सुकवलेला कॉड भिजवून त्याचे तंतू सोडवतात, त्यात काडीएवढे तळलेले बटाटे, वरून अंडं, तेही पुरतं जमू न देता, आणि काळी ऑलिव्ह. मालकाने बिलाची बेरीज त्याच कागदावर पेन्सिलीने मांडली. हातचा एक विसरला, तो बायकोने आतून ओरडून सांगितला. हे तुमच्या वेळापत्रकात दीड ते दोनमध्ये बसवून दाखवा.

ठाणेकर_नोकरदार

काकू, लिहिलंय छान, पण हा सगळा रिकाम्या वेळेचा माज आहे. आम्हाला वर्षाला सुट्ट्या किती, त्यातल्या दिवाळीला किती, गावाला किती, मुलाच्या परीक्षेपायी कोरड्या गेलेल्या किती? शेंगेन व्हिसाची फी, चार जणांची तिकिटं, आणि वर तुम्ही म्हणणार की एकाच गल्लीत बसून मालकाची बेरीज बघा?

आम्ही विमान बदलताना एक दिवस मध्ये ठेवला होता. विमानतळ शहरातच आहे, मेट्रो थेट जाते, २०१२पासून. सकाळी उतरलो, मठ बाहेरून बघितला, पाश्तेलवर दालचिनी भुरभुरून खाल्लं, ट्राममध्ये लेकाने खिडकी पटकावली. आई आल्फामाच्या पायऱ्यांवर बसून राहिली, खाली नदी दिसत होती. ती अजून सांगते सगळ्यांना. ते 'उरकणं' होतं का?

टीपकागद

भावना बाजूला ठेवून थोडं कामाचं. मठ सोमवारी बंद. बेलेंला जायला २८ नव्हे, १५ नंबरची ट्राम. किल्ला टेकडीवर, मठ नदीकाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये पांढऱ्या चुनखडीच्या गुळगुळीत फरश्या. पावसात त्यांच्यावर भलेभले आडवे होतात. पोस्ट लिहिणाऱ्याने नकाशाची घडी उलगडलेली दिसत नाही.

बेलेंच्या त्या दुकानात मात्र जरूर जा. १८३४मध्ये मठ बंद झाले आणि १८३७पासून तिथे ते पाश्तेल विकलं जातंय. आत बसायला भरपूर दालनं आहेत, लोक उगीच बाहेरच्या पार्सलच्या रांगेत तिष्ठतात.

कावळा

एका दिवसाचं जाऊ द्या. मुख्य विषयावर या. कुवेर, म्हणजे जेवणाआधी न मागता टेबलावर येणारं पाव वगैरे.

बैशामध्ये, भर बाजारात, बसतो न बसतो तोच वेटरने पाव, ऑलिव्ह, चीजचा छोटा गोल आणि ट्यूना-पेस्टच्या डब्या आणून ठेवल्या. आम्हाला वाटलं, काय अगत्य! मेव्हण्याने तर पावाची टोपली पुन्हा मागवली. बिल बघितलं तर जेवण एकीकडे आणि ते 'अगत्य' एकीकडे, माणशी. एका दिवसाच्या पाहुण्याला हे कोण सांगणार? पोस्टमध्ये सूर्यास्ताची वेळ दिलीय, याची ओळ नाही.

पनवेलकर

मेनूवर किंमत छापलेली असते. वाचायची सवय नसेल तर त्याला पोर्तुगाल काय करणार? नको असेल तर "नको" म्हणायचं, ते उचलून नेतात. फुकट समजून दोनदा पाव मागवायचा आणि मग देशाच्या नावाने बोंब मारायची!

कावळा

फुकटे कोणाला म्हणताय? न मागितलेली वस्तू टेबलावर ठेवणं ही फसवणूकच. उद्या तुमच्या घरी पेपरवाल्याने न सांगता तीन मासिकं टाकली तर पैसे द्याल?

टीपकागद

कायदा कावळ्याच्या बाजूने आहे, नाइलाजाने सांगतो. २०१५च्या कायद्यात स्पष्ट आहे: ग्राहकाने न मागितलेल्या पदार्थाचे पैसे लावता येत नाहीत, त्यात कुवेरही धरलंय. पण मेव्हण्याने दुसरी टोपली मागितली, तिथे केस संपली.

वाद झालाच तर लाल तक्रारवही मागायची. प्रत्येक खानावळीला ती ठेवावीच लागते आणि मागितली की द्यावीच लागते. नुसतं नाव काढलं तरी आवाज खाली येतात.

ठाणेकर_नोकरदार

एक दिवस हातात, त्यात तक्रारवही भरत बसू? तीन युरोंसाठी?

कावळा

तीन नव्हते.

शुद्ध_शाकाहारी

तुम्ही पावावर भांडताय, इथे आमचं जेवणच बुडालं. काल्दो वेर्द म्हणजे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप असं वाचून मागवलं. तळाशी चोरीसची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची चकती! विचारलं तर म्हणाला, "एकच तर आहे."

पनवेलकर

म्हणूनच म्हणतो, आपल्याकडच्या टूरवाल्यांसोबत जावं. संध्याकाळी वरणभात मिळतो, कुवेर नाही, चोरीस नाही.

खडूस_काकू

आणि लिस्बनही नाही. अटलांटिकच्या तोंडाशी जाऊन वरणभात खायचा असेल तर पनवेलातच सूर्यास्त बघा, छान असतो. बाकी शाकाहारींची अडचण खरी आहे. तिथे डुकराचं मांस हे मांस नसून मसाला समजतात.

गोंयकार

वाचत होतो, गप्प बसणार होतो. बसवत नाही.

सगळे बेलेंला जाता. मठात शिरल्याबरोबर वास्को द गामाची कबर आहे, तिथे फोटो काढता. हा १५२४मध्ये कोचीत मेला, अवशेष मागाहून पोर्तुगालला नेले, या मठात १८८०मध्ये आणले. १५०२मध्ये याने हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. तुमच्या वेळापत्रकात त्याला दहा मिनिटं आणि पाश्तेलला अर्धा तास.

बेलेंवरून जाणाऱ्या लोकलच्या रुळावर, कैश दो सोद्रेहून काश्काइशकडे जाताना, बेलेंच्या पुढे थोडी स्टेशनं सोडली की काशियास लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा माणूस, गोव्यात मराठी शाळेत शिकवायला आलेला, १९५५मध्ये जखमी होऊन पकडला गेला. गोवा १९६१मध्ये सुटला. रानडे सुटले १९६९च्या जानेवारीत. इकडे सुधीर फडके आणि इतर मंडळी त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं धडपडत होती. महाराष्ट्रातून किती विमानं भरून लोक लिस्बनला जातात, कितींना हे नाव ठाऊक असतं?

पनवेलकर

झालं! जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटात तुरुंग कशाला वाढता? सुट्टीवर गेलोय, शोकसभेला नाही. आणि एवढा राग आहे तर गोव्यातले लोक पोर्तुगीज पासपोर्टसाठी रांगा का लावतात?

गोंयकार

पासपोर्ट माझ्या भावाने घेतला. पोटासाठी. त्याचा हिशोब तुम्हाला द्यायला तो बांधील नाही. त्याच्या घरी लिस्बनमध्ये रविवारी शाकुती होते आणि कोपऱ्यावरच्या कॅफेच्या काचेत पाश्तेलशेजारी समोसे मांडलेले असतात. 'शामुसा' म्हणतात, तिकोनी, आत खिमा. गोव्याची माणसं, मोझांबिकहून १९७५च्या सुमारास आलेली गुजराती माणसं, यांनी ते तिथे नेलं. ही लिस्बनची संस्कृती नाही का? की संस्कृती म्हणजे फक्त निळ्या फरश्या?

ठाणेकर_नोकरदार

रानड्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. पण काशियासला जाऊन बघायचं काय? तिथे आजही तुरुंगच आहे ना?

गोंयकार

आहे. आत कोण सोडतंय! कॅथीड्रलच्या शेजारी अल्जूब आहे, तिथे जा. हुकूमशहा सालाझारच्या काळातला राजकीय कैद्यांचा तुरुंग, २०१५पासून संग्रहालय. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या. तुमची २८ची ट्राम त्याच्या दारावरूनच जाते. लेकाला खिडकी मिळाली होती म्हणता, तर त्याने इमारत बघितली असणार.

ठाणेकर_नोकरदार

टोमणा पोचला.

टीपकागद

जाता जाता, गोंयकारांच्या यादीत माझी एक भर. फरशांच्या संग्रहालयात लिस्बनचं सुमारे २३ मीटर लांब चित्र आहे, १७५५च्या भूकंपाआधीचं शहर, निळ्या-पांढऱ्या फरशांवर. त्यातलं नदीकाठचं बरंचसं त्या एका सकाळी गेलं. 'निळ्या फरश्या' एवढ्या स्वस्तात काढू नका.

खडूस_काकू

बरं, ठाणेकर. विमानतळावरच्या खुर्चीत पाय लांब करून पडण्यापेक्षा तुमचा एक दिवस शंभर पटींनी बरा, आणि तुमच्या आईचं पायऱ्यांवर बसणं मला त्या अख्ख्या पोस्टपेक्षा आवडलं. एवढं मान्य. आता ते बार्सिलोनाचं वाक्य मागे घ्या.

ठाणेकर_नोकरदार

पोस्ट माझी नाहीच मुळी! मी फक्त बाजू घेतली. आणि आठ वाजता मठ बंद असतो, हे माझ्याकडूनही मान्य. खूश?

खडूस_काकू

अर्धी.

नवी_पाहुणी

सगळा धागा वाचला. सोमवारी सकाळी लिस्बनला उतरतेय, मंगळवारी पहाटे पुढचं विमान. सोबत सासूबाई, शाकाहारी, गुडघे दुखतात. नेमकं काय करू, कोणी सरळ सांगेल का?

टीपकागद

सोमवार म्हणजे मठ बंद, बहुतेक संग्रहालयं बंद, तेव्हा तो हट्ट सोडा. कैश दो सोद्रेहून पलीकडे काकिल्यासला फेरीबोट जाते. चढ नाही, पायऱ्या नाहीत, बसायला जागा, आणि नदीतून अख्खं शहर एका नजरेत. परत येऊन नदीकाठच्या मोठ्या चौकात बसा. सूप मागवताना "शोरिसू नको" (तेच ते चोरीस) हे आधी सांगा, ते आल्यावर नाही. मग एक पाश्तेल, अंडं चालत असेल तर. पिवळा बलक भरपूर असतो.

शुद्ध_शाकाहारी

अंडं शाकाहारात कधीपासून आलं?

कावळा

आणि बसल्या बसल्या पाव परत पाठवा.

पनवेलकर

परत सुरू झाला हा.