मदत हवी आहे : लग्नानंतर पीएच.डी. दुसऱ्या विद्यापीठात नेण्याबाबत

सप्रेम नमस्कार. माझी पीएच.डी.ची नोंदणी 2023 सालची असून कोर्सवर्क पूर्ण झाले आहे. मात्र लग्नानंतर मी नागपूरला आले आणि मोडी कागदपत्रांच्या लिप्यंतराच्या चार वह्या अजून पुण्यातल्या मार्गदर्शकांच्या कपाटातच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार, संशोधन अनुदानित प्रकल्पाचा भाग नसेल, तर विवाहामुळे स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थिनीला, मूळ मार्गदर्शक व संस्थेला योग्य श्रेय देण्याच्या अटीवर, संशोधनसामग्री नव्या संस्थेत नेता येते. तरीही आमच्या कार्यालयात 'असे कधी झालेले नाही' एवढेच उत्तर मिळते (अर्ज मात्र ठेवून घेतला!). आधी ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, की नव्या मार्गदर्शकांचे संमतिपत्र? कोर्सवर्क पुन्हा करावे लागले का? या वाटेने गेलेल्यांनी कृपया कळवावे.