पर्यावरणस्नेही नाताळ : नवी ‘हिरवी’ खरेदी की मुळात कमी खरेदी?

तृणांकुर (धागालेखिका)

डिसेंबर उजाडला की नाताळ आणि नववर्ष पर्यावरणाला न दुखावता कसे साजरे करावेत, याविषयीचे लेख सगळीकडे दिसू लागतात. प्लास्टिकच्या सजावटीऐवजी बांबूची आणावी, दिव्यांच्या जुन्या माळा काढून नव्या एलईडी माळा लावाव्यात, ‘पुनर्वापरित’ असा शिक्का असलेला गिफ्ट पेपर वापरावा, असे सल्ले त्यांत असतात. सल्ला कोणताही असो, त्याचा शेवट दुकानातच होतो. माझे मत याच्या नेमके उलट आहे. घरात जी वस्तू आधीपासून आहे आणि जिचे काम अजून भागते, ती वापरत राहणे हे बहुतेक वेळा कोणत्याही नव्या ‘हिरव्या’ वस्तूपेक्षा चांगले असते, कारण तिच्या निर्मितीचा भार निसर्गाने अगोदरच सोसलेला असतो. तो भार दुसऱ्यांदा टाकण्याचे कारण तितकेच सबळ हवे.

सजवण्याच्या झाडाचेच उदाहरण घेऊ. ब्रिटनमधील कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या अंदाजानुसार सुमारे दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे 40 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढ्याच उंचीचे खरे झाड सण संपल्यावर कचराभूमीत पुरले गेले तर ते 16 किलोपर्यंत जाते, कारण हवा न मिळता कुजणाऱ्या लाकडातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे. तेच झाड भुगा करून मातीवर पसरले किंवा जाळले तर आकडा साडेतीन किलोच्या आसपास राहतो. म्हणजे कचराभूमीत जाणाऱ्या खऱ्या झाडाशी तुलना केली तर कृत्रिम झाड तिसऱ्याच नाताळला सरस ठरते. पण भुगा होणाऱ्या झाडाशी तुलना केली तर त्याला बारा नाताळ टिकावे लागते. तेव्हा खरे की कृत्रिम, या नेहमीच्या वादापेक्षा ते झाड पुढे कुठे जाते आणि किती वर्षे वापरले जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जुने झाड विटले म्हणून दर तीन-चार वर्षांनी नवे घेणाऱ्या घराला दोन्हीकडून तोटाच होतो.

गिफ्ट पेपरची गोष्ट फारशी वेगळी नाही. तो मुठीत घट्ट चुरगाळून मूठ उघडावी. साधा कागद चुरगळलेलाच राहतो. ज्यावर प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ थर असतो, तो कागद आपोआप उलगडू लागतो. असा उलगडणारा कागद रद्दीत घातला तरी त्याचा पुन्हा कागद होत नाही, आणि चिकटपट्टी व चकाकी (ग्लिटर) यांमुळे सोबतची चांगली रद्दीही खराब होते. वर्तमानपत्र, जुने कापड किंवा मागच्या वर्षीचा जपून ठेवलेला कागद यांनी तेच काम होते.

सर्वात मोठी गोष्ट मात्र ताटात असते आणि तिच्याविषयी सर्वात कमी लिहिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये जगभरात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या अन्नापैकी हे प्रमाण 19 टक्के होते आणि त्यातला सुमारे 60 टक्के वाटा घरांचा होता. सणाच्या दिवसांत पाहुणचार कमी पडू नये, या भीतीने आपण दुप्पट शिजवतो. सजावटीच्या दहा वस्तू बदलण्यापेक्षा पाहुण्यांची संख्या आधी नीट विचारून घेणे अधिक परिणामकारक आहे, असे मला मनापासून वाटते.

कातळ

लेखातली माहिती योग्य असली तरी तिच्यातून निघणाऱ्या निष्कर्षाला माझा विरोध आहे. उत्पादन कोणी करायचे, कशापासून करायचे आणि त्याच्या कचऱ्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हे प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक कुटुंबाच्या माथ्यावर हिशेबाची वही मारणे मला अन्यायाचे वाटते. वर्षभर राबून दोन दिवस आनंदाने घालवू पाहणाऱ्या माणसाने मुठीत कागद चुरगाळून बघायचे, आणि उलगडणारा कागद बनवणाऱ्याला मात्र कोणी विचारायचे नाही, असा याचा अर्थ होतो.

चकाकीचेच पाहा. प्लास्टिकचे हे चमचमणारे कण पाच मिलिमीटरपेक्षा कितीतरी लहान असतात; ते गालिच्यातून, कपड्यांतून, सांडपाण्यातून थेट पाण्यात जातात आणि पुन्हा गोळा करता येत नाहीत. याविरुद्ध वर्षानुवर्षे लेख लिहिले गेले. प्रत्यक्ष फरक पडू लागला तो युरोपीय संघाने सूक्ष्मप्लास्टिकविषयीचा नियम केला तेव्हा. त्या नियमामुळे 17 ऑक्टोबर 2023 पासून तिथे प्लास्टिकची सुटी चकाकी विकण्यावर बंदी आली. लाखो घरांना समजावण्यात जी शक्ती खर्च झाली असती, ती एका नियमाने वाचवली. असाच नियम थर दिलेल्या कागदाविषयी, दुरुस्त न होणाऱ्या खेळण्यांविषयी आणि बदलता न येणाऱ्या बॅटऱ्यांविषयी करायला काय हरकत आहे?

दुसरा मुद्दा पोटापाण्याचा आहे. या एका हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणारे कारागीर, छोटे विक्रेते आणि हंगामी कामगार जगभर आहेत. ‘कमी खरेदी’ हा उपदेश ज्यांच्याकडे सर्व काही आहे त्यांनी एकमेकांना करणे सोपे असते.

तराजू

तृणांकुर यांचा मूळ नियम मला पटतो, पण तो सर्वच वस्तूंना सारखा लागू होत नाही आणि दिव्यांच्या बाबतीत तर तो उलटा पडतो. ज्या वस्तूचा भार मुख्यतः निर्मितीत असतो, ती जुनी वापरत राहावी. ज्या वस्तूचा भार मुख्यतः वापरात असतो, ती बदलणेच हिताचे ठरू शकते. तार तापून उजळणाऱ्या शंभर बारीक बल्बांची माळ साधारण 40 वॅट वीज घेते. तेवढीच एलईडी माळ पाच ते सात वॅटमध्ये भागवते. रोज पाच तास याप्रमाणे महिनाभर लावली तर पहिलीला सहा युनिट लागतात, दुसरीला एक युनिटच्या आसपास. ज्यांच्या घरावर अशा दहा-दहा माळा लागतात, त्यांनी जुन्याच माळा जपून वापरणे हा काटकसरीचा केवळ भास आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील प्रसिद्ध झाडावर 2007 पासून एलईडी दिवे आहेत, आणि त्याच वर्षापासून सण संपल्यावर त्या झाडाचे लाकूड घरबांधणीसाठी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेला दिले जाते. असे निर्णय घरगुती पातळीवर लहान प्रमाणात घेता येतात.

झाडाचा हिशेब केवळ कार्बनमध्ये मांडणेही मला अपुरे वाटते. खरे झाड दोन मीटर वाढायला साधारण दहा वर्षे लागतात. या काळात ते कार्बन धरून ठेवते हे खरे. पण एकाच जातीची सलग लागवड आणि तिच्यावरची तणनाशके व कीटकनाशके हाही हिशेबाचाच भाग आहे. शिवाय युरोपात सर्वाधिक पसंती असलेल्या नॉर्डमन फर या जातीचे बरेचसे बी जॉर्जिया देशातील आम्ब्रोलाउरीच्या परिसरातून येते. तिथे उंच वृक्षांच्या शेंड्यापर्यंत चढून शंकू तोडणारे मजूर जिवावर उदार होऊन हे काम करतात. याउलट कृत्रिम झाडे मुख्यतः पीव्हीसी आणि पोलादी तारेची असतात. दोन्ही घटक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते वेगळे करणे कोणत्याही पुनर्वापर केंद्राला परवडत नाही. हे सगळे ‘किती किलो’ या एका आकड्यात बसवता येत नाही.

सांजवारा

या संपूर्ण चर्चेत प्रवासाचे नाव नाही, याचे मला आश्चर्य वाटते. एका माणसाच्या हजार किलोमीटरच्या विमानप्रवासातून ढोबळमानाने दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जाऊन-येऊन तीनशे. धाग्यात ज्या कृत्रिम झाडाचा इतका बारीक हिशेब मांडला आहे, त्याच्या सातपट उत्सर्जन एका व्यक्तीच्या एका सुट्टीत होते. चौघांचे कुटुंब गेले तर अठ्ठावीस ते तीस झाडे! तेव्हा खरोखर मन लावून बदल करायचा असेल तर सुट्टीतला विमानप्रवास टाळावा, जिथे शक्य असेल तिथे रेल्वेने जावे, आणि उरलेल्या गोष्टींत स्वतःला फार त्रास करून घेऊ नये, असे माझे मत आहे.

पाऊलवाट

सांजवारा यांचे गणित बरोबर आहे, पण सल्ला मला मान्य नाही. दूर राहणारी मुले वर्षातून एकदा आईवडिलांना भेटतात, तो सणाचा गाभा आहे. तो काढून टाकला आणि झाड, दिवे, भेटवस्तू शिल्लक ठेवल्या, तर आपण टरफल जपले आणि दाणा फेकला असे होईल. भेटीसाठीचा प्रवास आणि केवळ हौसेखातर केलेली सहल यांत फरक करायला हवा. भेटीसाठी जाणाऱ्याने दोन धावत्या फेऱ्यांऐवजी एकदाच जाऊन जास्त दिवस राहावे, हे मी समजू शकते; न जाण्याचा उपदेश समजू शकत नाही.

भेटवस्तूंबाबत मात्र मी धागालेखिकेच्याही पुढे जाईन. मोठ्यांनी मोठ्यांना वस्तू देणे परस्परसंमतीने थांबवता येते. आमच्या कुटुंबात प्रत्येकाने एकाच व्यक्तीला एकच भेट द्यायची, तीही तिने स्वतः मागितलेली, असे ठरले तेव्हा सुरुवातीला कुरबुर झाली. आता कोणालाही जुनी पद्धत परत नको आहे, कारण नको असलेल्या वस्तू कपाटात साठवण्याचे ओझेच गेले. मुलांना वगळले आहे. त्यांच्या आनंदावर हा प्रयोग करू नये, असे मला वाटते.

तृणांकुर

तराजू यांनी निर्मितीचा भार आणि वापराचा भार असा जो भेद केला आहे, तो महत्त्वाचा आहे आणि दिव्यांच्या एका माळेपुरता तो मला मान्य आहे. पण ही बचत प्रत्यक्षात उरते का, हेही पाहावे लागते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्येच कोळशाच्या संदर्भात दाखवून दिले होते की, इंधनाचा वापर काटकसरीचा झाला की त्याची एकूण मागणी घटण्याऐवजी वाढू शकते. दिव्यांच्या बाबतीत हा मोह उघड आहे : वीज कमी लागते म्हणून एका माळेच्या जागी पाच येतात आणि पाच तासांच्या जागी रात्रभर जळतात. नासाने 2014 मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून सांगितले होते की, नाताळ ते नववर्षाच्या काळात अमेरिकेतील अनेक मोठ्या शहरांभोवतीचा रात्रीचा उजेड एरवीपेक्षा 20 ते 50 टक्क्यांनी वाढतो. हा उजेड निशाचर कीटकांना आणि पक्ष्यांना भोगावा लागतो, मग दिवे कितीही कमी वीज घेवोत. म्हणून जुनी माळ जरूर बदलावी, पण एका जागी एकच, आणि झोपताना ती बंद करावी.

कातळ यांच्या मताशी माझा खरा मतभेद कुठे आहे ते सांगते. नियम हवेत, आणि चकाकीवरच्या बंदीचे मी स्वागतच करते. पण ज्या समाजात अशा वस्तू नकोत असे म्हणणारे लोक आधीच तयार असतात, तिथे असे नियम अधिक लवकर होतात आणि टिकतात. कारागिरांच्या पोटाचा प्रश्न मी हलका मानत नाही. मात्र हंगामातल्या खरेदीतला बराच पैसा यंत्रावर बनलेल्या, एका हिवाळ्यात मोडणाऱ्या वस्तूंकडे जातो. हाताने बनवलेली एक वस्तू विकत घेऊन ती वीस वर्षे मांडली, तर त्यात कारागिराचा तोटा नाही. सणानंतर परत पाठवल्या जाणाऱ्या वस्तूंच्या ढिगांचा फायदा त्या कारागिराला कधीच होत नव्हता.

प्रवासाबद्दल मी पाऊलवाट यांच्या बाजूने आहे.

कातळ

लोक तयार असले की नियम होतात, हे अर्धेच खरे आहे. कित्येकदा नियम आधी येतो आणि लोकांची सवय नंतर बदलते. तरीही हाताने बनवलेल्या, टिकाऊ वस्तूंचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो ‘कमी खरेदी’ या शीर्षकापेक्षा कितीतरी अधिक न्याय्य आहे. धाग्याचा भर त्यावर असता तर माझा प्रतिसाद वेगळा असता.

सांजवारा

मी न भेटण्याचा उपदेश केलेला नाही. पर्याय असताना विमान निवडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आता एक व्यावहारिक प्रश्न विचारते. आमच्या माळ्यावर सहा वर्षे वापरलेले कृत्रिम झाड आहे. या वर्षी घरात सर्वांना खरे झाड हवे आहे. कृत्रिम झाडाचे काय करावे?

तराजू

ते कचऱ्यात टाकू नका. त्यातले पीव्हीसी आणि तारा कोणीही वेगळ्या करणार नाही. पानांवर धूळ असेल तर कोरड्या कुंचल्याने झटकून, फांद्या खोडाला समांतर दुमडून, मूळ खोक्यात घालून एखाद्या वृद्धाश्रमाला, शाळेला किंवा नवे घर मांडणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाला द्यावे. ठेवणीतला पाया आणि खोड जोडण्याचे खिळे सोबत द्यायला विसरू नये. ते नसतील तर झाड निकामी होते.

तृणांकुर

तराजू यांच्या सल्ल्यात एवढीच भर घालते की, खरे झाड आणण्यापूर्वी ते सणानंतर कुठे स्वीकारले जाते याची चौकशी आधी करावी. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या किनाऱ्यावर जुनी झाडे वाळूत पुरून वाळूच्या टेकड्या सावरल्या जातात, आणि अमेरिकेतल्या लुईझियानामध्ये ती पाणथळ किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी वापरली जातात. अशी सोय जवळ नसेल, तर भुगा करणारे केंद्र शोधावे. झाड देताना त्यावरची प्रत्येक तार, चकाकी आणि सजावट टांगण्याचा आकडा काढलेला असावा, कारण एवढीशी तारही भुगा करणाऱ्या यंत्रात अडकते आणि मग ते झाड नाकारले जाते. कोणतेच केंद्र जवळ नसेल, तर तुमचे कृत्रिम झाड आणखी सहा वर्षे वापरावे, असे मी सुचवेन.